रागाचं वजन

मुकुटबनच्या अंगणवाडीत जमनाबाई मदतनीस आहे. कागदावर तिचं काम म्हणजे झाडलोट, खिचडी आणि घरोघरी फिरून पोरं गोळा करणं. पण एकोणीस वर्षांत तिने स्वतःच्या डोक्याने एक काम वाढवून घेतलंय, आणि त्यापायी बोलणीही पोटभर खाल्लीत. ती पोरांच्या रागाचं वजन करते!

आढ्याला काटा टांगलेला, त्याखाली झोळी. एखादं पोर फुरंगटून आलं की जमनाबाई त्याला झोळीत बसवते आणि मागून अंगठ्याने झोळी हळूच खाली ओढते. काटा झर्रकन पुढे. "अबब! काय भरून आणलं रे पोटात? राग हाय, का भेव हाय, का रुसवा?"

पोर विचारात पडतं. मग सांगतं, "दादानं मले ढकललं. राग हाय." सांगून झालं की अंगठा सुटतो, काटा मागे येतो, आणि पोराला खरंच हलकं वाटतं. सेविका उज्ज्वलाताई ओरडतात, "जमनाबाई, सरकारी काटा हाय तो, झोका नाही!" जमनाबाई तोंडाला पदर लावून हसते.

यंदा मात्र चार वर्षांच्या निकिताने दोघींची झोप उडवली. घरी भाऊ जन्मला आणि दोन महिन्यांत पोरगी सव्वा किलोने उतरली. आजार काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण खिचडीचं ताट रोज जसंच्या तसं परत. आणखी घटली तर यवतमाळला दवाखान्यात भरती करावी लागेल, हे उज्ज्वलाताईंनी सांगून टाकलं.

वजनाच्या दिवशी ताईंनी काटा वाचला. "अजून कमी."

झोळीतली निकिता खुदकन हसली. "कमी झाली ना मी?"

जमनाबाई चमकली. बाकीची पोरं तर काटा पुढे जावा म्हणून झोळीत उड्या मारतात! तिने गुपचूप अंगठा लावला. काटा पुढे सरकला मात्र, निकिताने भोकाड पसरलं. "मले मोठी नाही व्हायचं!"

"काहून वं माय?"

"मोठी झाली की मम्मी कडेवर घेत नाही. बाळालेच घेते. मी जेवत नाही, मंग मी लहान होते."

जमनाबाईने तिला छातीशी धरलं. "हा राग नाही बाई. मम्मी घरातच हाय, तरी तुले तिची आठवण येऊन राह्यली. हो ना?" निकिताने मान हलवली.

खिचडी तशीच चुलीवर ठेवून जमनाबाई तिच्या आईला घेऊन आली. सगळं ऐकून आईचे डोळे भरले. "मीच म्हणत होती, मोठी झाली तू आता, उतर खाली."

"रडजो मंग. आधी उचल तिले." जमनाबाईने बाळ आपल्याकडे घेतलं आणि मायलेकींना मोठ्या माणसांच्या काट्यावर उभं केलं. साठ किलो! "आता जेवून ये निकिता. आकडा वाढल्यावर मम्मी घेते का नाही, ते पाहू."

निकिताने चार घास खाल्ले अन् धावत आली. आईने उचललं. ती परत ताटावर गेली, परत आली. आईने परत उचललं. ताट रिकामं झालं तेव्हा जमनाबाईने डोळे पुसले.

तेव्हापासून वजनाच्या दिवशी आधी मायलेकींचं वजन होतं, मग एकट्या निकिताचं. परवा काटा बासष्टवर गेला. आई धापा टाकत म्हणाली, "लय जड झाली वं तू!"

"तरी घेतलं ना?" निकिताने विचारलं, आणि आईच्या गळ्यातले हात आणखी घट्ट केले.