सुलतानची शेवटची अंडी

कणीक मळता मळता बख्तावरच्या कानावर एक बारीकसं 'चिव' आलं आणि तिचे हात परातीतच थबकले.

पुन्हा चिव.

आवाज कोपऱ्यातल्या टोपलीतून येत होता. पिठाच्या हातांनीच ती धावली, गोणपाटाचा पडदा वर केला. टोपलीत तिची लाखी, अख्ख्या चकातली, कालव्याकाठच्या त्या वस्तीतली, सगळ्यात भरवशाची खुडूक कोंबडी, पिसं फुलवून अर्धवट उभी राहिली होती आणि तिच्या पोटाखालून एक ओलं पिवळं डोकं बाहेर बघत होतं.

"या अल्ला," बख्तावर म्हणाली, "हे आज कसं?"

दुसरी कुणी असती तर पिल्लू बघून हरखली असती. बख्तावरनं घाईघाईनं बोटांवर दिवस मोजले. टोपलीत पाच अंडी लांडोरीची होती आणि तीन कोंबडीची. कोंबडीचं पिल्लू तीन आठवड्यांत बाहेर येतं, मोराचं चार. म्हणून आधी लांडोरीची अंडी ठेवायची, आठवडा उलटला की त्यात कोंबडीची घालायची, म्हणजे सगळी एकाच दिवशी फुटतात. मोराचं पिल्लू जन्माचं वेंधळं. दाणा चोचीपुढे ठेवला तरी टिपायचं सुचत नाही त्याला. शेजारी कोंबडीचं चुणचुणीत पोर टिपायला लागलं की मग त्याचं बघून खातं. बख्तावरच्या सासूनं तिला हे शिकवलं होतं आणि इतकी वर्षं ते कधी चुकलं नव्हतं. आज चुकलं होतं. कोंबडीची पिल्लं आता निघाली म्हणजे लाखी त्यांना घेऊन अंगणात चालती होणार. मागे राहिलेल्या पाच अंड्यांकडे ती ढुंकूनही बघणार नाही, आणि त्यांना तर अजून आठवडाभर ऊब हवी होती.

"मास्टर!"

इनायत मास्टर, तिचा नवरा, दारातल्या शिलाई मशीनवर कुणाची तरी सलवार शिवत बसला होता.

"मास्टर, कोंबडीची अंडी कधी ठेवली होतीत तुम्ही?"

मशीन थांबलं. मग पहिल्यापेक्षा जोरात सुरू झालं.

"मी काहीतरी विचारतेय."

"तू सांगितलंस तेव्हाच ठेवली."

"मी सांगितलं होतं पुढच्या जुम्याला. मी झंगला निघाले होते, पोरीच्या बाळंतपणाला. मोठी पाच अंडी माझ्या हातांनी ठेवून गेले. लहान तीन भुशात घालून तुमच्या हवाली केली. म्हटलं, पुढच्या जुम्याला नमाज पढून आलात की ठेवा. तेव्हाच ठेवलीत ना?"

इनायत मास्टरनं दातात धरलेला दोरा तोडला. "त्याच्या जरासं आधी."

"जरासं म्हणजे?"

"तुझी बस सुटली, मी घरी आलो..." तो मान वर न करता म्हणाला. "ऊन काय पडलं होतं! म्हटलं, भुशात नासून जातील. लाखी बसलेलीच होती, तिच्या पोटाखाली जागा होती. दर्जी माणूस मी, कापडात जागा उरलेली दिसली की माझा हात राहत नाही."

"आणि मी परत आल्यावर सांगावंसं नाही वाटलं?"

"तू आल्या आल्या अंडी मोजलीस. आठ भरली. अशी हसलीस म्हणून सांगू! मग मी कशाला तोंड उघडू?"

बख्तावरनं कपाळावर हात मारला. कपाळ पिठानं पांढरं झालं. इनायत मास्टरला हसू येत होतं, पण जिवाच्या भीतीनं त्यानं ते सलवारीत शिवून टाकलं.

साधी अंडी असती तर ती दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. या घरात नवरी म्हणून आली तेव्हापासून पाखरांनी तिला कमी का रडवलं होतं? राणीखेतीच्या रोगानं एकदा सगळं खुराडं आडवं केलं. मुंगसानं नेली, घारीनं नेली, एक बदक तर पाहुण्यांच्या जीपखाली गेलं. सकाळी अंडी सापडली की ही राणी, दुपारी एखादी कोंबडी मान टाकून बसली की हिला घास जायचा नाही. पण सुलतानची गोष्ट निराळी होती. जमीनदार शाहांच्या बागेतून ओंजळीत आणलेलं मोराचं पिल्लू तिनं चोचीत घास भरवून वाढवलं होतं. मोठा झाल्यावर हा एवढा पिसारा ओढत तो तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत यायचा. या वसंतात तो विजेच्या खांबावरच्या डब्यावर जाऊन बसला आणि क्षणात जळून खाली पडला. नर गेल्यावरही थोडे दिवस लांडोरीची अंडी भरलेली निघतात. त्याच्या लांडोरीची ही पाच त्यातली. यानंतर सुलतानचं म्हणावं असं काही येणार नव्हतं.

तिनं पिल्लू उचलून इनायत मास्टरच्या खिशात घातलं. "लांब जा याला घेऊन. लाखीला आवाज ऐकू नाही आला तर बसेल ती परत."

"खिशात? अगं ओलं आहे ते!"

"जाता की नाही?"

मास्टर गेला. पण तोवर दुसरं अंडं तडकलं होतं आणि लाखीनं ते ऐकलं होतं. तिचा घसा कसा घुमायला लागला! बख्तावरनं तिला दाबून बसवलं, वरून दुसरी टोपली पालथी घातली, अंधार केला. आतून लाखीनं असा काही दंगा केला की बख्तावरला घाम फुटला; त्या धुमश्चक्रीत एक मोठं अंडं फुटलंच. आत डोळे मिटलेलं, चोच उमटलेलं, जवळजवळ पूर्ण झालेलं पिल्लू. बख्तावरनं ते ओढणीच्या टोकात घेतलं, बाजूला ठेवलं आणि उरलेली मोजली.

चार राहिली.

खुडूक कोंबडी हवी होती, आणि ती आत्ता हवी होती. लांडोर तर खुराड्यात अंडं टाकून जायची ती मागे वळून बघत नसे. बख्तावरच्या बाकीच्या कोंबड्या अंड्यांवर यायला तयार नव्हत्या. सगळ्या चकात खुडूक बसलेली एकच होती, सुग्राची मुश्की. भिंतीपलीकडे.

आणि सुग्राशी तर बोलणं बंद होतं.

सुग्रानं लेकीच्या लग्नासाठी नवी चकचकीत पत्र्याची पेटी आणून अंगणात ठेवली होती. सुलतानला तिच्यात दुसरा मोर दिसला. त्यानं त्या मोराला चोचीनं आणि नख्यांनी असं काही धुतलं की पेटीला पोचे पडले. सुग्रा अंगणात उभी राहून ओरडली, "जळून जा मेल्या, जळून जा!" ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पुढच्याच आठवड्यात सुलतान जळाला. तेव्हापासून बख्तावरनं त्या दाराकडे तोंड केलं नव्हतं.

चार अंडी शिवणाच्या चिंध्यांत गुंडाळून, पोटाशी धरून ती निघाली. दारात उभी राहिली.

सुग्रा भेंडी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. शेजारी घमेल्यात बसलेल्या काळ्या कोंबडीला म्हणाली, "मुश्की, बघ गं, दारात कोण आलंय. वाट चुकलेली दिसते."

बख्तावरनंही कोंबडीलाच उत्तर दिलं. "मुश्की, तुझ्या मालकिणीला सांग, वाट चुकले नाही. अडले म्हणून आले."

"मुश्की, विचार तिला, माझ्या तोंडात विष आहे म्हणून गल्लीभर सांगत होती, आता त्याच तोंडाकडे काय काम काढलंय?"

"मुश्की, तोंडाकडे काम नाही म्हणावं. तुझ्याकडे आहे."

सुग्राची सुरी थांबली. तिनं पहिल्यांदा वर बघितलं. बख्तावरच्या कपाळावर पीठ, ओढणीला डाग, पोटाशी चिंध्यांचं गाठोडं.

"काय गं ते?"

"सुलतानची आहेत. शेवटची. लाखी उठली."

सुग्रानं हातातली भेंडी चिरून संपवली. मग भेंडीचं देठ फेकून म्हणाली, "मी आज हिला हौदात बुचकळणार होते. खुडूकपणा मोडायला. महिना झाला, अंडं नाही देत मेली."

"सुग्रा, आठवडाभर फक्त."

"देईन. पण अर्धेलीनं."

"काय?"

"माझी कोंबडी, माझं घमेलं. निघतील त्यातली अर्धी माझी. रीतच आहे ती, मी काही नवीन सांगत नाही. आणि बसेल ती इथेच. आता जागा हलवली तर हीसुद्धा उठेल, मग बस रडत."

"तुला मोर हवाय? तुला?" बख्तावरचा आवाज चढला. "ज्याला तू..."

"बोल. बोल ना पुढे."

चिंध्यांतली अंडी निवत चालली होती की काय, बख्तावरला कळेना. तिनं हाताची पाठ एका अंड्याला लावून बघितली. मग खाली बसली आणि एकेक करून चारही अंडी मुश्कीच्या पोटाखाली सरकवली. मुश्कीनं तिच्या मनगटाला कडकडून चोच मारली, मान वाकवून अंडी आत ओढली आणि डोळे मिटले.

"अर्धेलीनं," बख्तावर म्हणाली.

त्या आठवड्यात बख्तावर घरात कमी आणि सुग्राच्या अंगणात जास्त होती. घमेल्यावरच्या पत्र्याच्या छपराखाली दुपारचं इतकं तापायचं की अंडी थंड होण्याऐवजी शिजतील अशी धास्ती. ती येऊन घमेल्याभोवतीच्या गोणपाटावर पाणी शिंपायची. घरी पोचायच्या आत वाटायचं, जास्त तर नाही झालं पाणी? परत यायची.

"आलीस?" सुग्रा म्हणायची. "मी म्हटलं, अजून कशी नाही आली, मेली की काय."

"मुश्कीनं दाणा खाल्ला?"

"खाल्ला, पाणी प्याली, मला म्हणाली बख्तावरला सांग जरा घरी बस."

इनायत मास्टरला भाकरी वेळेवर मिळेना. एकदा त्यानं तक्रार केली, तेव्हा बख्तावरनं त्याला पिल्लांसाठी वाळवी शोधायला पाठवून दिलं. कालव्याच्या कडेनं वारुळं फोडत हिंडताना लोकांनी विचारलं, तर तो म्हणाला, "बायकोच्या बाळंतपणाची तयारी."

मधे एकदा, आत जीव आहे का ते बघायला, बख्तावरनं परातीत कोमट पाणी घेतलं आणि चारही अंडी अलगद सोडली. सुग्रा वाकून बघत होती. तीन अंडी तरंगता तरंगता अचानक हलली, कुणी आतून कोपर मारावं तशी. चौथं निपचित.

"हाय रब्बा," सुग्रा तोंडावर हात ठेवून म्हणाली. "नाचतायत गं." आणि लगेच, बख्तावर आपल्याकडे बघतेय हे लक्षात येऊन, "तीनची अर्धी किती करणार आहेस?"

मग एका दुपारी आंधी आली. आभाळ आधी पिवळं, मग विटकरी. बख्तावर आपल्या छपराला दोर बांधत होती. भिंतीपलीकडे पत्रा उडाल्याचा धडाका झाला आणि पाठोपाठ कोंबडीचा आक्रोश. दोर तसाच टाकून ती धावली. धुळीत हातभर दिसत नव्हतं. दार ढकलून ती आत शिरली तर घमेल्यावरचं छप्पर नाहीसं झालेलं, मुश्की बाजेखाली पंख आपटत होती, आणि घमेल्यावर सुग्रा पालथी पडली होती. दोन्ही कोपरं जमिनीला टेकलेली, अंगावरची चादर चहूबाजूंनी खोचून घेतलेली, केसांत माती.

"बघतेस काय!" चादरीखालून ती ओरडली. "कोंबडीला धर! माझी कंबर मोडली!"

बख्तावरनं मुश्कीला पकडलं, पंख दाबून उराशी घेतलं. दोघी तशाच बसून राहिल्या. एक कोंबडी धरून, एक अंड्यांवर. तोंड उघडलं की माती जात होती.

वारा ओसरल्यावर सुग्रा उठली. कंबर धरून, बख्तावरकडे न बघता म्हणाली, "पेटीच्या रागात बोलले होते मी. मोराला नव्हते बोलले."

बख्तावर मुश्कीला अंड्यांवर बसवून तिच्या पाठीवरची धूळ झटकत राहिली. मग म्हणाली, "तेल लावून देऊ कमरेला?"

"नको. तुझे हात कोंबडीचे."

तीनपैकी दोन फुटली. तिसऱ्याला आतून भोक पाडता आलं, बाहेर येता आलं नाही. बख्तावरनं कवच नखानं सोलून बघितलं, पण उशीर झाला होता. दोघं मात्र निघाली ती खडखडीत. मातकट रंगाची, लांब पायांची, उभी राहायच्या आधीच पडणारी.

लाखीच्या पोरांना आणून बघितलं, पण ती आता दांडगट झाली होती. नवख्यांच्या डोळ्यांतच चोच मारायला धावली. बख्तावरनं त्यांना हाकलून दिलं. उकडलेलं अंडं कुस्करून, त्यात वाळवी मिसळून ती बोटाच्या नखानं थाळीवर टकटक करत बसली. एकानं नखाकडे बघितलं. मग वाळवी टिपली. दुसरं बघेना. आभाळाकडे तोंड करून ओरडत राहिलं.

"सरक," सुग्रा म्हणाली आणि आपलं बोट घेऊन बसली. टकटक. टकटक. "खा ना रे रांडेच्या. खा की. अब्बा तुझा पेट्या फोडायचा, तुला एक किडा टिपवत नाही?"

उन्हं कलली तेव्हा त्यानं टिपला.

"दोन आहेत," बख्तावर म्हणाली. "एक तुझं, एक माझं. कोंबडी तुझी होती, तू आधी उचल."

सुग्रानं एकाला उचललं, खाली ठेवलं. दुसऱ्याला उचललं. "नर कुठला?"

"हिवाळ्यापर्यंत अल्लालाच ठाऊक."

"आणि मी चुकीचं उचललं तर?"

"तर बरोबरचं माझ्याकडे आलं म्हणायचं."

सुग्रानं दुसरंही खाली ठेवलं. दोन्ही पिल्लं धडपडत मुश्कीच्या पंखांखाली शिरली. "मग राहू दे इथेच. एकेकटं केलं तर जगणार नाहीत. हिवाळ्यात भांडू."

"म्हणजे तोवर मी..."

"येत जा. नाहीतरी कुठे घरी थांबतेस?"

बख्तावर घरी गेली. चूल पेटवली. भिंतीपलीकडून चिवचिव आली, तिनं कान दिला. एकाचाच आवाज होता. तिनं वाट बघितली. पुन्हा एकच. तिनं चिमटा खाली ठेवला.

"आता कुठे?" इनायत मास्टरनं विचारलं.

ती भिंतीपाशी जाऊन टाचा उंचावून उभी होती. "सुग्रा! अगं, एकच ओरडतंय! दुसरं कुठंय?"

"झोपलंय!" पलीकडून आवाज आला. मग थोडं थांबून, जरा घाईनं, "थांब, बघते."

बख्तावर थांबली नाही. चप्पल न घालताच ती दाराबाहेर पडली.