आजोबा वगळलेला अर्ज

काचबिंदूने बाबांची नजर गेली आणि कचेरीतली त्यांची कारकुनी सुटली, तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. पावसाळ्याआधी मला काम मिळालं नाही, तर नागपूरचं बिऱ्हाड मोडून सावनेरला काकांच्या आश्रयाला जायचं ठरलं होतं. धाकट्या बहिणीची शाळा त्यात सुटणार होती.

अशात बायकांच्या इस्पितळात भांडाराची नोंद ठेवायला बाई हवी, अशी जाहिरात आली. अर्ज इंग्रजीत, उमेदवाराच्या स्वतःच्या अक्षरात. मुदत चार दिवस.

बाबांनी अर्ज तोंडी सांगितला. त्यांच्या वेळची रीत ठरलेली होती: आधी साहेबांचं औदार्य, मग घराण्याने सरकारची केलेली सेवा, मग घरात खाणारी तोंडं किती, आणि शेवटी साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना. तीन पानं झाली. जमीनमोजणीच्या कामात आजोबा उन्हातान्हात कसे हिंडले, यावरच एक पान गेलं. माझ्या मॅट्रिकचं वाक्य एकच. ते मला खटकलं. पण आणखी घालण्यासारख्या गोष्टींची यादी करायला बसले, तर कागद कोराच राहिला.

दुसऱ्या दिवशी चुका तपासून घ्यायला कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडे गेले. कडुनिंबाखाली सतरंजी, पुढे उतरतं मेज. म्हाताऱ्याने तिन्ही पानं वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

‘काय वं बाई, नोकरी तुले पाहिजे का तुह्या आजोबाले?’

शेजारचा स्टँपविक्रेता खदखदून हसला. ‘आजोबालेच देऊन टाका म्हणा! लय मेहनती माणूस दिसून राहिला.’

मी पानं ओढून घेऊ लागले. म्हाताऱ्याने त्यांवर हात ठेवला. ‘रागावू नको. भांडारात काय करा लागते, सांग.’

‘सामान मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, लिहून ठेवायचं.’

‘हे तू कधी केलं?’

‘नाही.’

‘जन्मात काहीच मोजलं नाही?’

तेव्हा मी चाचरत सांगितलं, की शाळेतल्या शिवणवर्गाचं कपाट दोन वर्षं माझ्याकडे होतं. कापड, दोरे, सुया, कात्र्या. कोणी काय नेलं, कधी परत केलं, याची वही मी ठेवत असे.

‘सुया किती हरवल्या?’

‘एक. तीही बाईंच्या पदराला टोचलेली सापडली.’

स्टँपविक्रेता हसायचा थांबला. म्हाताऱ्याने कोरा कागद घेतला, नखाने समास पाडला आणि बोटाने जागा दाखवत गेला. पहिल्या ओळीत कोणत्या जागेसाठी अर्ज, ते. लगेच खाली कपाट, वही, दोन वर्षं. मग मॅट्रिक. मग मुख्याध्यापिकाबाईंच्या दाखल्याची नक्कल. एकच पान.

‘आणि आजोबा?’

‘ते घरी राहतीन.’

मी थक्क होऊन त्या नखाच्या रेघेकडे पाहत राहिले. जी गोष्ट मला माझ्या यादीतही घ्यावीशी वाटली नव्हती, ती या परक्या माणसाने चार प्रश्नांत शोधून सगळ्यांत वर बसवली होती. एवढ्या वर्षांत किती लोकांचे संसार त्याने कागदावर उतरवले असतील, आणि कागदापलीकडे बसलेल्याला नेमकं काय हवं, हे त्याला किती स्वच्छ दिसत असेल! त्यानंतर मी शेकडो अर्ज वाचले. तशी नजर पुन्हा पाहिली नाही.

घरी बाबांना नवा अर्ज वाचून दाखवला.

‘संपला?’

‘संपला.’

‘प्रार्थनासुद्धा नाही?’

‘नाही, बाबा.’

त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. ‘त्या कपाटाचं मला कधी बोलली नाहीस,’ ते म्हणाले. ‘शाई वाळू दे. मग घडी घाल.’

आठवड्याने बोलावणं आलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी माझं पान एकदा वाचलं, काही न विचारता उठल्या आणि मला भांडाराच्या खोलीकडे घेऊन गेल्या. आत पट्ट्यांचे गठ्ठे, बाटल्या, चादरी, सगळं एकावर एक. माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती. मेमसाहेबी हिंदीत त्यांनी विचारलं, ‘कहाँ से शुरू करेगा?’

‘दरवाजा बंद करके,’ मी म्हटलं. ‘गिनती पूरी होने तक कोई कुछ नहीं ले जाएगा.’

त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि माझ्या हातात दिला. तो इतका जड असेल, असं मला वाटलं नव्हतं.