शेवटचा भाग राहू दे

शाळेतल्या चार मुली बँड काढतात अशी एक जपानी कार्टून मालिका आमच्या निपाणीच्या घरात दोन वर्षांहून जास्त काळ अडकून पडली होती. बाकीचे सगळे भाग झाले होते, शेवटचा तेवढा राहिला होता. तो पाहायला अर्धा तास पुरला असता. पण आई पाहू देत नव्हती, आणि आईपुढं आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, शेजारी दोऱ्याचं रीळ. नजर सतत हातावर असते, त्यामुळं टीव्ही असो की फोन, ती पाहत नाही, ऐकते. धाकटी बहीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा ही मालिका तिनंच शोधून काढली. ती कोपऱ्यात फोन घेऊन एकटीच खिदळायची, ते आईला खपेना. आईनं तिला दटावलं, एकटी काय हसतीस, आम्हाला पण सांग. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि आईला यातलं काहीच येत नाही. मग धाकटीनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि खालची एकेक ओळ आमच्या बोलीत मोठ्यानं सांगायला लागली.

ती ते इतकं झकास करायची की मूळ मालिकेत तेवढी मजा असेल असं मला वाटत नाही. त्या शाळेची बाई मुलींना 'काय गं भवान्यांनो' म्हणून ओरडायची. मुलींची जपानी नावं आईच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं आपली नावं ठेवली: ढोलवाली, लाजरी, चष्मिस आणि आगाऊ. शाळेच्या मागं एक अडगळीची खोली होती, तिथं या चौघी वाजवत बसायच्या. सुरुवातीला आई म्हणाली, ही माणसं न्हाईत, चित्रं हाईत. पुढच्या शनिवारी तिनंच विचारलं, त्या लाजरीचा आवाज फुटला का नाही.

शनिवार माझ्यामुळं ठरला होता. मी बेळगावात एका ऑफिसात आहे, कॅम्पात खोली घेऊन राहते आणि शनिवारी दुपारच्या बसनं घरी येते. मी आल्याशिवाय भाग लावायचा नाही, असं आईनं सांगून ठेवलं होतं. मी हातपाय धुऊन बसायची, धाकटी घसा साफ करायची, आई सूप मांडीवर घ्यायची. आठवडाभर कन्नड, इंग्रजी, हिंदी बोलून माझं तोंड शिणलेलं असायचं. घरी नुसतं ऐकायचं, बोलायचं कुणाशी काही नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कुठलं असं कुणी विचारलं, तर मी ते शनिवार सांगेन. तेव्हा हे कळत नव्हतं. तेव्हा मी धाकटीला म्हणायची, जरा भराभर वाच, मला झोप येतेय.

आईच्या मनात या सगळ्याचं काय झालं होतं ते समजायला आप्पांची गोष्ट सांगायला हवी. आमचे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत कामाला होते, पण आवाज असा की गल्लीत श्रावणात पोथी तेच लावायचे. बायका सूप घेऊनच ऐकायला यायच्या. आप्पा वाचायचे, अर्थ सांगायचे, आणि बायकांचे हात चालू असायचे. पोथीचे त्यांचे नियम कडक होते. ज्यानं पोथी लावली त्यानंच ती पुरी करायची, मध्येच दुसऱ्यानं हात लावायचा नाही. समाप्तीला सगळे हजर पाहिजेत, कुणी गावाला गेलं असेल तर थांबायचं. आणि शेवटचा अध्याय झाला म्हणून लगेच पोथी रुमालात गुंडाळायची नाही. पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या पुन्हा वाचायच्या, मग बांधायची. म्हणजे पोथी संपत नाही, असं ते म्हणायचे. आप्पा गेल्यावर गल्लीत पोथी कुणी लावली नाही. मग घरात धाकटी वाचायला लागली, आई सूप घेऊन ऐकायला लागली, आणि आईच्या लेखी आमच्या घरात पुन्हा पोथी लागली. समोर चार जपानी पोरी गिटार वाजवतायत याचं तिला काही वावडं नव्हतं.

धाकटीला बेंगळुरूला नोकरी लागली तेव्हा एकच भाग उरला होता. जाण्याच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, चला, आज उडवून टाकू. फोन तांब्याला टेकवलासुद्धा. आईनं सूप मांडीवर घेतलंच नाही.

"शेवटचा भाग राहू दे," ती म्हणाली. "तू परत आल्यावर वाच."

धाकटी हसली आणि बरं म्हणाली. मी पण हसले. जिची पोथी राहिली आहे ती पोरगी कुठंही गेली तरी परत येणार, असा आईचा सरळ हिशेब होता. तो मला हसून झाल्यावर कळला.

दिवाळीला धाकटी आली ती दीड दिवसासाठी, त्यातला निम्मा वेळ झोपून काढला आणि उरलेला लॅपटॉपसमोर. पुढच्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. फोन यायचे, आधी रोज, मग रविवारी, मग रविवारीही आईनंच करायचा. मी मात्र दर शनिवारी त्याच बसनं येत होते. एकदा आईचं तोंड उतरलेलं बघून मी म्हणाले, मी वाचते की तो भाग, मला काय इंग्रजी येत नाही होय? आईनं पान कापता कापता सांगितलं, पोथी तुझी न्हाय. मला राग आला. जी दारात उभी आहे तिची किंमत नाही आणि जी फोन उचलत नाही तिच्यासाठी पोथी उघडी ठेवायची, हा कुठला न्याय? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि आईनंही आग्रह केला नाही.

मग मी म्हटलं, निदान तिला आठवण तरी करून देते. आईनं तेही करू दिलं नाही. सांगून सवरून बोलावलेलं माणूस पोथीला नुसतं येऊन बसतं, ऐकत नाही, असं तिचं म्हणणं. आपणहून आली पाहिजे.

आपणहून धाकटी आली ती लग्न करून. रजिस्टर लग्न, तिकडच्याच मुलाशी. आधी फोनवर सांगितलं, आठ दिवसांनी दोघं गाडी घेऊन आली. जावई चांगला निघाला, मराठी एक अक्षर येत नव्हतं पण ताटातलं सगळं संपवलं. आई त्याच्याशी बाजारातल्या कन्नडमध्ये बोलली, जेवलास का, घरी कोण कोण असतं, हेच फिरून फिरून. तिनं लग्नाबद्दल एक शब्द काढला नाही. मला वाटलं भांडण होईल, मी त्याच तयारीनं आले होते. पण आई सकाळपासून खुशीत होती, आणि का ते फक्त मला माहीत होतं.

दुपारी जावई आतल्या खोलीत आडवा झाला. आईनं सूप मांडीवर घेतलं. पाण्याचा तांब्या स्वतः भरून धाकटीच्या समोर आणून ठेवला आणि पान कापायला बसली. धाकटीला समजेना. तिला तहान लागली नव्हती. शेवटी मीच म्हणाले, अगं, तो भाग राहिलाय ना, बँडचा.

"ते व्हय?" धाकटी म्हणाली. "ते मी तवाच बघितलं की गं आक्का. तिकडं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात. हॉस्टेलवर एकटीला करमत नव्हतं, लई रडू आलतं बघून."

आईचे हात थांबले. आप्पा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सूप घेऊन बसलेली ही बाई. तिचे हात मी असे थांबलेले त्याआधी पाहिले नव्हते. धाकटीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा तांब्याकडं, आणि तिला सगळं उमगलं असावं. ती म्हणाली, लावते की आता, वाचते परत. पण आईनं मान हलवली. वाचून झालेली पोथी झालीच नाही असं समजून पुन्हा वाचता येत नाही.

"शेवटाला काय झालं तेवढं सांग," आई म्हणाली.

धाकटीनं सांगितलं. शाळेच्या शेवटच्या कार्यक्रमात चौघी वाजवतात. लाजरी सगळं गाणं न अडखळता म्हणते. मग त्या अडगळीची खोली झाडतात, ढोल पुसून ठेवतात, कुलूप लावून किल्ली बाईंच्या हातात देतात, आणि स्टेशनवर जाऊन चौघी चार गाड्यांत बसतात. एवढं चांगलं वाचणारी पोरगी, पण हे तिनं बातम्या सांगितल्यासारखं सांगितलं.

"परत येत न्हाईत?"

"ते दाखवलं न्हाय आई."

आईनं बरं म्हटलं आणि सूप खाली ठेवलं. मला धाकटीला दोन शब्द सुनवायचे होते, पण हॉस्टेलच्या कॉटवर कानात वायरी घालून एकटी रडत असलेली ती माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला बोलवेना. तिची समाप्ती तर तिनं एकटीनंच केली होती. तिच्याजवळ तरी कोण बसलं होतं?

संध्याकाळच्या आत त्यांना हायवेला लागायचं होतं. आईनं धाकटीची ओटी भरली, जावयाला टॉवेल-टोपी दिली. धाकटी आईच्या गळ्यात पडून रडली, आणि आई तिची पाठ थोपटत राहिली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आम्ही दोघी दारात उभ्या होतो.

घरात आल्यावर मी भांडी आवरायला निघाले. आईनं हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, सूप घेतलं नव्हतं. तिनं मला समोर बसायला सांगितलं. तांब्या अजून तिथंच होता, भरलेला.

"समाप्ती झाली न्हवं," ती म्हणाली. "पैल्या भागाचं जरा वाच. मग बांधू."

मी म्हणाले, मी वाचलं तर पोथी मी लावल्यासारखी होईल, मग पुरी पण मीच करणार. ती व्हय म्हणाली. मी फोन तांब्याला टेकवला आणि पहिला भाग लावला. माझा आवाज धाकटीसारखा नाही, मी अडखळते, हसू येण्याच्या जागी नीट हसवता येत नाही. शाळा दिसली. मागची खोली दिसली, धुळीनं भरलेली. ढोलवाली तिथं एकटीच खोली झाडत होती.

"एकटीच हाय व्हय पोरगी?" आईनं विचारलं, जसं काही तिला माहीतच नाही.

"आत्ता एकटी हाय," मी म्हणाले. "पुढं येत्यात की बाकीच्या."

आईनं पदरानं डोळे पुसले.

"येऊ देत सावकाश," ती म्हणाली. "तू हळू वाच."

मी हळू वाचायला लागले.