वाघ नदीत बुडालेलं पोर

मोखाड्याच्या मुक्कामात सकाळी मी रिळं गुंडाळत बसलो होतो. एक शेतकरी बायकोला घेऊन तंबूत आला. म्हणाला, "सायेब, खेळातला पोऱ्या वाघ नदीत कुठं गावला, तेवढं हिला सांगा."

मी फिरत्या सिनेमाचा ऑपरेटर. जव्हार संस्थानातून परवाना काढून आम्ही गावोगाव खेळ करत होतो. प्रोजेक्टरचं हँडल हाताने फिरवायचं, हे माझं काम. तेव्हाची चित्रं मुकी. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचे आमचे मालक. लोकांना काय आवडतं, ते त्यांना पाठ होतं. मारामारी हवी, रडारड हवी, आणि शेवटच्या रिळात हरवलेलं पोर आईला मिळायलाच हवं. शिवाय ज्या गावात शो, तिथलीच नदी ते गोष्टीत घालायचे. म्हणून इथे ते पोर वाघ नदीत बुडालं आणि खाली कुठेतरी जिवंत सापडलं.

या दोघांचा मुलगा पावसाळ्यात त्याच नदीत वाहून गेला होता. प्रेत मिळालं नव्हतं. अशा वेळी त्यांच्यात गवताचा पुतळा करून जाळतात, मग दिवस घालून मेलेल्याच्या नावाने जेवण वाढतात. पुतळा तयार होता. पण खेळ पाहिल्यापासून बाई कोणाला त्याला हात लावू देईना. उजाडलं की नदीकाठाने खाली चालत सुटायची.

"दिस घातला नाय तर पोऱ्या उपाशी फिरल," नवरा म्हणाला. "ती माझा ऐकत नाय."

मी मालकांना म्हटलं, "नदीचं नाव तुम्ही घातलंत. तुम्हीच तिला खरं सांगा."

"मी सांगितलं तर उद्या तंबूत कोण येईल? लोकांना गोड शेवट लागतो. मशीन तुझं, तू बघ." ते चहाला निघून गेले.

मला संताप आला, पण बाई समोर उभी होती. मी रिळाची पट्टी उजेडात धरली. तिने ती डोळ्यांजवळ नेली.

"हे नुसते फोटो आहेत, बाई. हा पोरगा पगारी नट. पाणी कमरेएवढं. त्याने वाघ नदी पाहिलेलीसुद्धा नाही."

"मंग तो बुडलाच नाय?"

"नाही."

तिने पट्टी परत दिली. "माझा बुडला," ती म्हणाली. "माझ्याच हातातून सुटला."

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. हे तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. मग तिला पुढे घालून तो घरी निघाला. पुतळा त्याच दिवशी जाळला, असं बाजारात कळलं.

पुढच्या मुक्कामी मालकांनी तिथली नदी घातली. पोर जिवंत सापडलं, टाळ्या पडल्या. मी पडद्याकडे न बघता हँडल फिरवत होतो. तलवारी, भुतंखेतं, कपटी सावत्र आई, मला काहीही चालतं. बुडालेलं पोर परत आणणारी गोष्ट तेवढी सोसत नाही. पण ऑपरेटरची आवडनिवड कोणी विचारत नाही.