जड हाय

भागोजीदादा सकाळी गाडीत बसले की पहिला हात स्टेअरिंगला लावायचे. इंजिन सुरू करायचे, स्टेअरिंग एकदा पार डावीकडे, एकदा पार उजवीकडे फिरवायचे आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत म्हणायचे, "जड हाय." झालं. पुढे एक अक्षर नाही. हे दोन शब्द मी वर्षभर रोज सकाळी ऐकले आणि वर्षभर त्यांचा चुकीचा अर्थ लावला. आणि मी कोण? तर म्हसळ्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर, ज्याच्या हातून औषधाचा थेंब इकडचा तिकडे होत नाही अशी ख्याती!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या डॉक्टरांकडे गाडी होती, आणि भागोजीदादा तिचे ड्रायव्हर. चार मैलांवरच्या एका वाडीतले कुणबी. पन्नाशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे. उमेदीची वीस वर्षं त्यांनी मुंबईत गोदीवर लॉरी चालवण्यात घालवली होती. "त्या लारीचं ष्टेरिंग फिरवायला दोन मानसं लागायची, मी येकला फिरवायचो," असं ते सांगायचे, आणि सांगताना उजवा खांदा जरासा उचलायचे.

गाडी मात्र आमच्या गावाला शोभणारी नव्हती. डॉक्टरांच्या मुंबईच्या मेहुण्याने ती त्यांच्या गळ्यात मारली होती. अमेरिकन बनावटीची, लांबलचक, फिक्या निळ्या रंगाची. समोरून बैलगाडी आली की दोघांपैकी एकाला शेतात उतरावं लागे. लोक तिला आगबोट म्हणत. "आगबोट दिघीला ग्येली काय?" असं विचारलं की डॉक्टर दिघीला व्हिजिटला गेले असा अर्थ. पण त्या गाडीत एक नवल होतं. तिचं स्टेअरिंग एका बोटाने फिरे. पुढच्या झाकणाखाली एक पंप होता, त्याच्या डोक्यावर पेल्याएवढं एक भांडं, आणि त्यात लाल तेल. त्या तेलाच्या जोरावर म्हणे स्टेअरिंग हलकं होतं. पावर स्टेअरिंग. डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलं, मला कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नव्हतं, कारण डॉक्टरांना गाडी चालवता येत नव्हती. ते मागे बसून वर्तमानपत्र वाचत आणि घाट लागला की डोळे मिटून घेत.

गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक आलं होतं. इंग्रजी लेबलं वाचणारा मी, तेव्हा ते माझ्याकडे आलं. भांड्याचं झाकण उघडण्याआधी पुसा, धुळीचा कण आत जाऊ देऊ नका. झाकणाला पट्टी आहे, ती पुसून बुडवा आणि तेल कुठवर लागतं ते बघा. कमी असेल तर थोडं थोडं घाला, खुणेच्या वर जाऊ देऊ नका. इथवर ठीक. पण पट्टीवर खुणा दोन! एक गाडी गार असतानाची, एक गरम असतानाची. आता दिघीहून आलेली गाडी झाडाखाली अर्धा तास उभी राहिली तर ती गार म्हणायची की गरम? मी एकदा थर्मामीटर आणला, तेव्हा भागोजीदादा म्हणाले, "भाऊ, तिला ताप न्हाय आला." बरं, हे म्हणताना चेहरा अगदी सरळ.

तेलाचा डबा मुंबईहून यायचा. तो हिंदकळू नये म्हणून मी थोडं तेल औषधाच्या बाटलीत काढून दिलं होतं. बाटलीला आम्ही मिक्श्चरच्या बाटल्यांना लावतो तशी डोसांची कागदी पट्टी चिकटवली. ती बाटली गाडीत, ड्रायव्हरच्या पायाशी. आमचं पोटदुखीचं मिक्श्चरही लालच, त्यामुळे घोटाळा व्हायचा तो झालाच. दिघीच्या एका म्हाताऱ्या कोळ्याने गाडीत ती बाटली पाहिली, हे काय म्हणून विचारलं, आणि भागोजीदादांनी सांगून टाकलं, "पावरचं त्येल." पुढच्याच मंगळवारी म्हातारा दवाखान्यात हजर. गुडघ्यात ताकद नाही, ती पावरची लाल बाटली द्या! मी हसून हसून बेजार. भागोजीदादा दारात उभे होते. ते हसले नाहीत.

"पन भाऊ," ते म्हणाले, "का देत न्हाय तुमी? ष्टेरिंगाला तर लागू पडतं."

मी आणखी जोरात हसलो. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटतं.

पहिली दोन-तीन वर्षं त्या तेलाकडे महिन्याकाठी एकदा बघितलं तरी चालायचं. मग एका पावसाळ्यानंतर हे "जड हाय" सुरू झालं. सुरुवातीला ते स्वतःच झाकण उघडून बघत. एके दिवशी मला हाक मारली. "भाऊ, झाकान तुमीच उघडा. तुमचे हात औशदाचे. सवच्छ. माज्या हाताची धूळ जायाची आत." मला काय तो अभिमान वाटला! तेव्हापासून रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी झाकण पुसायचो, फिरवून काढायचो, पट्टी बुडवायचो. तेल खुणेला. रोज खुणेला. मी सांगायचो, "भागोजीदादा, बरोबर आहे." ते ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "तरी जड हाय."

आता गंमत बघा. भांड्यातलं तेल खुणेला, पण पायाशी ठेवलेली बाटली रोज डोसभर खाली. विचारलं तर म्हणायचे, "वाटंत घातलं." वाटेत घातलं तर भांड्यात दिसायला हवं. भांड्यात नाही तर जमिनीवर गळायला हवं. गाडी उभी राहायची ते अंगण मी स्वतः झाडून घेतलं, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरली. कागद कोरे! मग तेल जातं कुठे? इंजिनच्या उष्णतेने उडून जातं म्हणावं तर पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. मी ते पान पाच वेळा वाचलं. बाटलीवरची पट्टी चुकीची कापली असेल म्हणून तिचे डोस पुन्हा मोजले. गार खूण, गरम खूण, सकाळ, दुपार. रात्री पाठ टेकली की डोळ्यांपुढे लाल तेल. डॉक्टर म्हणाले, "अरे, तुझ्या हातचं औषध लोक पितात आणि तुला साधा डोस जुळवता येत नाही?" ते मला फार लागलं.

बरं, आम्ही कोणीच ते स्टेअरिंग कधी फिरवून बघितलं नाही, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण भागोजीदादांचा नियमच होता. त्यांच्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला खपत नसे. "हात बदलला की ष्टेरिंग बिघडतं," म्हणायचे. डॉक्टरसुद्धा हा नियम पाळत.

दसऱ्याच्या सुमारास श्रीवर्धनच्या घाटात व्हायचं ते होता होता राहिलं. मी त्या दिवशी बरोबर होतो. वळणावर गाडी वळायची तेवढी वळली नाही, सरळ दरीच्या कडेकडे निघाली. भागोजीदादांनी कचकन ब्रेक दाबला. पुढचं चाक कडेच्या दगडाला टेकलं होतं, पलीकडे नुसती झाडांची डोकी. डॉक्टरांनी डोळे उघडले. भागोजीदादा घामाने भिजले होते. म्हणाले, "जड हाय, सायब. लय जड हाय."

घरी पोचल्यावर डॉक्टर उतरले आणि म्हणाले, "मिस्त्रीला बोलावतो. त्याला दोष सापडला तर ठीक. नाहीतर दिवाळीनंतर ही गाडी मुंबईला परत. मी एस.टी.ने फिरेन."

ते आत गेले. भागोजीदादा बॉनेटला टेकून उभे राहिले. घरी भाताची दोन खाचरं होती, पोटाला कसंबसं पुरलं असतं. भीती पोटाची नव्हती. अख्ख्या तालुक्यात त्यांना आगबोटीचा भागोजी म्हणत. मला म्हणाले, "गाडी ग्येली तर मी कोन वो, भाऊ?" मी आपलं सांगून टाकलं, काही जात नाही गाडी, मी तेलाचा छडा लावतो. दिवसातून दोनदा तेल बघायला लागलो. जसं काही गाडी जगणार की नाही हे माझ्या त्या पट्टीवर ठरणार होतं!

दिवाळीच्या आठवडाभर आधी पनवेलचा मिस्त्री आला. मोठ्या गाड्यांतला जाणता माणूस, तोंडाने फटकळ. त्याने झाकण उघडलं, पंपाचा पट्टा बघितला, अंगाखाली गोणपाट टाकून गाडीखाली शिरला, नळ्या चाचपल्या. मग ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि इंजिन सुरू केलं. भागोजीदादा "अवो, हात नका..." म्हणत पुढे सरले, तोवर त्याने एक बोट लावून स्टेअरिंग गरागरा फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय जड हाय रे?" तो म्हणाला. "मक्खन हाय! गळती न्हाय, काय न्हाय. त्येल बरोबर. कोन बोलला जड हाय?"

मी बाटली उचलून दाखवली. "मग हे तेल रोज जातं कुठे?"

"ते तुमी बघा. गाडी न्हाय पिलेली."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी भागोजीदादांकडे. ते डाव्या हाताने उजवं कोपर धरून उभे होते. हे असं उभं राहणं मी कितीतरी महिने बघत होतो. चहाची बशी डाव्या हाताने उचलणं बघत होतो. खाकी सदऱ्याच्या उजव्या खांद्यावरचा तो तांबूस डाग तर रोज समोर असायचा. ड्रायव्हरचा सदरा, डाग असायचाच. आणि एकदम माझ्या डोक्यात आलं की रोगी खोकल्याचा असो की वाताचा, दिवसातून पन्नास माणसं मला येऊन सांगतात, "जड हाय." आणि मी पन्नास वेळा विचारतो तोच प्रश्न या माणसाला एकदाही विचारला नव्हता.

"भागोजीदादा," मी म्हणालो, "काय जड आहे?"

त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग डाव्या हाताने, वेळ लावून, एकेक करत सदऱ्याची बटणं काढली. लॉरी एकट्याने फिरवणारा तो खांदा आत गेला होता. हाड वर आलं होतं, दंडाची कातडी सैल पडली होती, आणि सगळ्यावर त्या लाल तेलाची चमक.

"येवढं मोटं ष्टेरिंग त्या त्येलानं हलकं हुतं," ते म्हणाले. "मंग मानसाचा हात का न्हाय हुनार? रोज चोळत व्हतो. दोन टायम."

मिस्त्रीने इंजिन बंद केलं. डॉक्टरांनी तिथेच अंगणात त्यांचा हात हातात घेतला, बोटं दाबायला सांगितली, वर उचलायला सांगितला. हात खांद्यापर्यंतही गेला नाही. चार वर्षं डॉक्टर त्याच खांद्याच्या मागे वीतभर अंतरावर बसून होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ते इतकंच म्हणाले, "भागोजी, मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं तर चावी काढून घेतली असती, सायब."

चावी त्यांनी स्वतःच काढून दिली. डॉक्टरांनी त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, स्वतः बरोबर गेले. तिथेही उपाय नव्हता. नसांचा आजार, हात असाच वाळत जाणार. गाडी राहिली. डॉक्टरांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. मी बाटलीवरची डोसांची पट्टी खरवडून काढली. त्यानंतर त्या भांड्यात वर्षभर एक थेंब घालावा लागला नाही.

माघात मी त्यांच्या वाडीवर गेलो. ओटीवर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, त्यावर गोधडीचं टोक. पहिला प्रश्न गाडीचा, दुसरा तेलाचा. खुणेला आहे म्हटल्यावर बरं वाटलं त्यांना. मी मात्र तेवढ्यासाठी गेलो नव्हतो. मनात घोळत होतं ते विचारून टाकलं.

"दादा, तुम्ही आम्हाला फसवलंत का हो?"

ते जरा गोंधळले. खरंच विचारात पडले.

"न्हाय वो भाऊ. मी तर रोज सांगत व्हतो. जड हाय, जड हाय. तुमी समदे गाडीच बघत बसलात."

गाडी जड, स्टेअरिंग जड, हात जड, शब्द तोच. त्यांनी एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. पण त्यांना आम्ही ओळखावं असं वाटत होतं की ओळखू नये असं वाटत होतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही कळत नाही. त्याच शिमग्याच्या आत ते गेले. आता विचारायचं तरी कोणाला?

त्या दिवशी निघताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी डाव्या हाताने गोधडी बाजूला केली.

"उचलून बघा," ते म्हणाले. "आता हलका झालाय."

हलका. गाडी नाही, स्टेअरिंग नाही. मी दोन्ही हात खाली घालून तो उचलला.