सोलोची बादली भाऊजींच्या डोक्यावर

पायलट शिकणाऱ्या पोरापोरींनो आन त्यांच्या आयांनो, आज सकाळचीच गोष्ट हाय, वाचा.

आमच्या सायलीनं आज सोलो केला, म्हंजे मास्तर शेजारी नसताना एकटीनं विमान वर नेलं आन नीट उतरवलं.

पारगावहून माझे धाकटे दीर बोलावलं नसताना आले व्हते. ह्यांनीच मागं छातीठोक सांगितलं व्हतं, "वैनी, चष्मेवाल्याला पायलट करत न्हाईत." मी चौथी शिकलेली, खरं मानलं. सायलीला चष्मा, ती वरीसभर रडत घरी बसली. मग पायलटची मेडिकल तपासणी करणारा डॉक्टर म्हणला, चष्मा लावून नीट दिसतंय तर चालतंय की! जाऊबाईनं नंतर सांगितलं, दिराला ते आधीच ठाऊक व्हतं. त्यांच्या पोराच्या पुढं आमची जायला नको व्हती.

आज तेच व्हिडिओ काढत बोलत व्हते, "पुतणीला मीच ह्या लाईनला घातली!"

पयल्या सोलोनंतर शिकणाऱ्यावर पाणी ओतायची रीत हाय. मास्तरांनी भरली बादली माझ्या हातात दिली. मी ती सगळी भाऊजींवर ओतली, मोबाईलसकट.

"अवो वैनी, डोकं फिरलं का?"

"तुमचं एका बादलीवर भागलं भाऊजी. माझ्या पोरीचं वरीस गेलं."

सायली वरडली, "आई, ते पाणी माझं व्हतं!" मग तिच्यासाठी दुसरी बादली आणली.

पोरांनो, मेडिकलचं डॉक्टरलाच विचारा, चुलत्याला न्हाई. दीर रुसून गेलेत. मी काय माफी मागणार न्हाई. तुमी मागितली असती का?