ढेकर आला तरी

पोट बिघडलेल्या माणसाइतकं हट्टी कुणी नसतं. ताप आलेला माणूस डॉक्टरचं ऐकतो, हाड मोडलेला निमूट पडून राहतो. पोटाचा रोगी मात्र स्वतःच निदान करतो, स्वतःच औषध ठरवतो आणि वर आपल्यालाच चार गोष्टी शिकवतो. अशा लोकांसाठी औषधं बनवण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. त्या वर्षांत मी एकाच गोष्टीवरून कडाकडा भांडले, आणि वेळ आली तर ते भांडण आजही तसंच्या तसं भांडेन.

गुजरात वेगळं होऊन दहा-पंधरा वर्षं झाली होती. बडोद्यातच फार्मसी शिकून मी छाणीकडच्या एका लहानशा औषधाच्या कारखान्यात लागले. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पुड्या बांधायला पदवी कशाला हवी, असं एका काकूंनी तोंडावर विचारलं. बांधायला नको, आत काय घालायचं ते ठरवायला हवी, असं मी म्हणाले, आणि पुढची दोन वर्षं त्या काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

कारखान्याचे शेठ गुजराती. मनाने वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच काही बोलणार आहे. मला ते 'बेन' म्हणत आणि माझ्यासमोर कधी आवाज चढवत नसत. त्यांना गॅसवरची एक पावडर काढायची होती. पेल्यात टाकली की फसफसली पाहिजे, प्यायली की मिनिटभरात ढेकर आला पाहिजे. त्यांच्या भाषेत ओडकार. "बेन, ओडकार आवे तो ज दवा लागे. ओडकार वगरनी दवा कोण ले?" ढेकराशिवायचं औषध घेणार कोण, हा त्यांचा सवाल होता आणि बाजाराचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

अशी पावडर दिसते सोपी. खायचा सोडा, लिंबाचं सत्त्व, थोडी सुंठ, ओव्याचा अर्क आणि चवीला पादेलोण. सोडा जास्त झाला तर साबण चाटल्यासारखं लागतं, सत्त्व जास्त झालं तर जळजळ थांबायच्या ऐवजी वाढते. शिवाय सोडा आणि सत्त्व यांना ओल लागली की ती दोघं पेल्याची वाट न बघता पुडीतच भांडायला लागतात. पहिल्या पावसाळ्यात आमच्या चांदीच्या कागदातल्या पुड्या पुऱ्यांसारख्या टम्म फुगल्या. गॅसच्या औषधालाच गॅस झाला, म्हणून पॅकिंगच्या बायका पोट धरधरून हसल्या. मग मी सोडा वेगळा वाळवला, सत्त्व वेगळं वाळवलं, मिसळायची खोली बंद केली, आणि त्या खोलीत ओल्या हातांनी येणाऱ्या प्रत्येकाला, शेठ धरून, बाहेर काढलं.

शेठना मी एकदा खरं काय ते दाखवायचा प्रयत्न केला होता. हा ढेकर पोटातल्या गॅसचा नाही, आपल्याच सोड्याचा आहे. बाटलीतलं सोडावॉटर प्यायल्यावर येतो तसा. दुखणं असो वा नसो, तो येणारच. त्यांना पटेना, म्हणून एका सकाळी त्यांना उपाशीपोटी पुडी दिली. त्यांनी डोळे मिटून ती प्यायली, घड्याळाकडे बघितलं आणि चाळीस सेकंदांत खणखणीत ढेकर दिला. मी म्हटलं, बघा, तुम्हाला काही झालेलं नसताना आला. शेठ प्रसन्न होऊन म्हणाले, "दवा सरस छे." पालथ्या घड्यावर पाणी.

आणि मग मी काय केलं? मी ढेकर आणखी लवकर आणला. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालं. सत्त्वाचे कण बारीक केले, प्रमाण बदललं, आणि चाळीसावरून पंचवीस सेकंदांवर आले. स्वतःवर खूश होते. छातीशी आंबट येणं, जेवणानंतरचं जडपण याला ती पावडर खरोखरच बरी होती, तेवढं समाधान मी करून घेतलं होतं.

घरी तिचे पहिले गिऱ्हाईक बाबा. माझे वडील गणिताचे मास्तर, निवृत्त झालेले, पण सायकलवरून फतेगंजमध्ये घरोघरी शिकवायला जाणारे. दिवसाला चार घरं. सकाळी सेवउसळ, दुपारी भरपूर वरणभात, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी गाठिये, आणि मग पोटाच्या नावाने खडे. नवी पावडर झाली की मी त्यांना आणून देई आणि ते ढेकर देऊन "पास" म्हणत.

त्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीवर ओझं ठेवल्यासारखं झालं होतं. मी निघायच्या घाईत होते. त्यांनी पुडी घेतली, ढेकर दिला आणि म्हणाले, "बघ, आला ढेकर. गॅसच होता. तू जा." मी गेले. माझंच औषध, माझाच ढेकर, मी खुशीत गेले. तासाभराने त्यांनी दुसरी पुडी घेतली. पुन्हा ढेकर आला, पुन्हा गॅसच ठरला. अंगाला घाम सुटला तो त्यांनी टॉवेलने पुसला आणि आईला पंखा मोठा करायला सांगितलं. दुपारी ते खुर्चीतून उठले आणि तिथेच बसकण मारली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक होता. वाचले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, सकाळीच आणायचं होतं, अर्धा दिवस कुठे होता?

कुठे होतो ते मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

बाबा घरी आले आणि त्यांनी जाहीर करून टाकलं की त्यांना गॅस झाला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच. डॉक्टरांचं काय, ते सगळ्यालाच हार्ट म्हणतात. आई चिडायची, मी चिडायचे, पण त्यांचा हिशेब मला कळत होता. गॅस झालेला मास्तर पंधरा दिवसांनी सायकलवर बसून शिकवायला जाऊ शकतो. हार्ट झालेल्या मास्तराला आई दाराबाहेर पाऊल टाकू देणार नाही, आणि शिकवणीची घरंही हळूच दुसरा मास्तर बघतील. महिन्याभरात ते खरंच सायकलवर बसले आणि मंडळींना विजयाने सांगू लागले की बघा, काही नव्हतं.

मी कारखान्यात गेले आणि शेठना सांगितलं, पुडीवर एक ओळ छापायची. छातीत दुखत असेल, घाम येत असेल, कळ हातात जात असेल, तर ढेकर आला तरी थांबू नका, डॉक्टरकडे जा. गुजरातीत, ठळक, 'गेस' हा शब्द ज्या आकारात छापतो त्याच आकारात. दुखत असताना माणूस चष्मा शोधत बसत नाही.

शेठ मला वाटलं होतं त्याहून समजूतदार निघाले. त्यांनी कागद दोनदा वाचला. घाम चालेल म्हणाले, हात चालेल, डॉक्टरही चालेल. मग पेन्सिलीने तीन शब्दांवर रेघ मारली. ढेकर आला तरी. "आ काढी नाखो, बेन."

मी म्हटलं, मग उरलेली ओळही नको. खरी ओळ तेवढीच आहे. बाकीचं डॉक्टर कुठेही सांगतो, हे फक्त आपल्याला माहीत आहे. माणूस ढेकर आला म्हणून निश्चिंत होतो आणि तो ढेकर आपण भरून पाठवलेला असतो.

ते म्हणाले, ज्या ढेकरासाठी लोक पुडी घेतात त्यावरच भरवसा ठेवू नका असं पुडीवर छापायचं? उद्या दुकानदार पुडी हातात धरणार नाही. पॅकिंगच्या बारा बायका आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्यायचा आहे का? हा टोला त्यांनी बरोबर मारला होता. त्या बायका मला ताक आणून द्यायच्या. मी घरी जाऊन त्यावर खूप विचार केला आणि तरीही माझं मत बदललं नाही.

त्या कारखान्यात माझ्या सहीशिवाय माल दाराबाहेर जात नसे. मी सही केली नाही. रोज वेळेवर जायचे, पुड्या तपासायचे, वहीत सगळं लिहायचे आणि सहीची जागा कोरी सोडायचे. खोकी भिंतीला लागून रचली गेली. शेठ माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले, पण 'बेन' म्हणणं सुटलं नाही. सावली गावाकडून माल न्यायला आलेला एक टेंपो रिकामा परत गेला. आठवडाभर हे चाललं. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. बडोद्यात बाईला अशी नोकरी देणारे दुसरे शेठ रांग लावून उभे नव्हते. पण भीती वाटते म्हणून सही करायची असते असं मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी शेठ आमच्या घरी आले. हातात फळांची करंडी. मुलगी ऐकत नसेल तर बापाकडे जायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज, त्यात गुजराती-मराठी भेद नाही. बाबांनी त्यांना आग्रहाने खुर्ची दिली. आईने चहा केला. मी दाराशी उभी राहिले, कारण मला कुणी बस म्हटलं नाही आणि जा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

शेठनी तब्येत विचारली. मग पुडीचा विषय काढला आणि फार गोड आवाजात म्हणाले, "मास्तरसाहेब, तमने तो गेस ज हतो ने? तमे पोते ज बधाने कहो छो."

तुम्हाला गॅसच झाला होता ना, तुम्हीच तर सगळ्यांना सांगता. खोटं नव्हतं ते. बाबांनी महिनाभर गावभर तेच सांगितलं होतं, आणि शेठनी ते कुठून तरी ऐकलं होतं. बाबांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी माझ्या ओळीला आधार उरला नसता. त्यांची सायकल राहिली असती, माझी नोकरी राहिली असती, सगळं जागच्या जागी. मला तर वाटलं ते हो म्हणणारच. मनातल्या मनात मी त्यांच्यावर रागावूनही घेतलं होतं.

बाबांनी कप बशीत ठेवला. "ना शेठ," ते म्हणाले. "हार्ट हतुं. ओडकार आव्यो एटले में मानी लीधुं के गेस छे, ने बपोर सुधी घरे बेसी रह्यो."

ढेकर आला म्हणून मी गॅस समजलो आणि दुपारपर्यंत घरी बसून राहिलो. मास्तर फळ्यावरची स्वतःची चूक खोडतो तशा सरळ आवाजात बोलले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिचा हात तोंडावर गेला.

शेठनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लखो. त्रणे शब्द लखो." लिहा, तिन्ही शब्द लिहा. आणि उठले. जाताना त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. ते त्यांच्या स्वभावात होतं की त्या दिवशीच आलं होतं, मला माहीत नाही.

ते गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "तुम्ही हो म्हणाला असतात तरी मी सही केली नसती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणजे मी तुझ्याविरुद्ध साक्ष दिली असती. ते मला जमलं नसतं."

नवी पुडी छापून यायला तीन आठवडे लागले. तिन्ही शब्द होते, मी मागितलेल्या आकारात. खप थोडा पडला, मग सावरला, बायकांपैकी कुणाचं काम गेलं नाही. पुढे मी आणखी दोन कारखाने बदलले आणि दोन्हीकडे हे तीन शब्द भांडून छापून घेतले. या बाईला वेड लागलंय असं तिथले लोक म्हणत, आणि मी म्हणू देत असे.

पण त्या पहिल्या मालावर सही केली त्या संध्याकाळी घरी आले, तर दारातली सायकल नव्हती. आईने मान हलवून विचारू नकोस अशी खूण केली. मी विचारलं.

"शाळेच्या शिपायाला देऊन टाकली," बाबा म्हणाले. "फतेगंजला निरोप पाठवलाय, दुसरा मास्तर बघा म्हणून." मग वर्तमानपत्र उघडून त्याच्या आडून म्हणाले, "मला हार्टचा त्रास आहे."

शेठसमोर ते गुजरातीत बोलले होते. घरात, आमच्या भाषेत, त्यांनी हे पहिल्यांदाच म्हटलं.